डोळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट हातात आल्यावर नेमकं काय वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा. वडील मोहोळ तालुक्यातले शेतकरी, वय ५८. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर पांढरट गाठ आली. ‘मांस वाढलंय’ म्हणून बरेच दिवस थेंब घातले, शेवटी सोलापुरात ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्टात आलं: सिव्हिअर डिस्प्लेझिया (पेशींचा तीव्र बिघाड) ते कार्सिनोमा इन सिटू (जागच्या जागी असलेला बिघाड), एका ठिकाणी सूक्ष्म इन्व्हेजन (खालच्या ऊतीत शिरकाव) नाकारता येत नाही, काढलेल्या तुकड्याची बाजूची एक कडा बाधित, खालची कडा मोकळी. मुलगा विचारतोय की हा कॅन्सर आहे का नाही? एक डॉक्टर म्हणतात थेंबांनी भागेल, दुसरे म्हणतात पुन्हा ऑपरेशन करू. डोळा काढावा लागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात झोप त्याच्यामुळेच उडालेली असणार. एवढ्या रिपोर्टवर डोळा काढायचं कुणी सुचवत नाही. ती वेळ येते ती गाठ डोळ्याच्या आत किंवा मागच्या खोबणीत शिरली असेल तर, आणि तुमच्या कागदावर तसं काहीच नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सोलापुरात बरीच वर्षं हे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघतोय. औषध कोणतं आणि किती दिवस ते तुमचे नेत्रतज्ज्ञ ठरवतील. पण ज्या कागदावरून ते ठरवणार तो कागद कसा तयार होतो, त्यातल्या कोणत्या ओळीला वजन आहे आणि कोणती ओळ नुसती दचकवते, ते मी सांगू शकतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ‘सिव्हिअर’ या शब्दावर लोक अडकतात, पण तुमच्या वडिलांचं पुढचं सगळं दोन गोष्टींवर ठरणार आहे. वाईट पेशी खालचा पडदा फोडून गेल्या का, आणि कडा खरंच बाधित आहे का. आणि दोन्हींची उत्तरं किती भरवशाची, हे तो तुकडा ऑपरेशन टेबलावरून बाटलीत कसा गेला यावर अवलंबून असतं.

या सगळ्या गटाला आता ‘ऑक्युलर सरफेस स्क्वॅमस निओप्लेझिया’ (ओएसएसएन) म्हणतात, म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींची वाढ. ली आणि हर्स्ट यांनी १९९५ मध्ये हे छत्रीनाव रुळवलं. त्याआधी त्याच आजाराला कुणी बोवेन्स डिसीज म्हणे, कुणी इंट्राएपिथेलियल एपिथेलिओमा, कुणी डिस्प्लेझिया. छत्रीखाली सौम्य डिस्प्लेझियापासून पसरलेल्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमापर्यंत सगळं येतं. त्यामुळे नुसतं ‘ओएसएसएन’ लिहिलेला रिपोर्ट अर्धवटच समजा. आणि ‘सीआयएन’ (कंजंक्टायव्हल इंट्राएपिथेलियल निओप्लेझिया) असं लिहिलेलं दिसलं तर नेटवर शोधायला जाऊ नका. गर्भाशयमुखाच्या आजारालाही तेच संक्षिप्त नाव आहे, नको ते वाचून बसाल.

जागा बहुतेक वेळा एकच असते, लिंबस. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती गोल पट्टी, त्यातही पापण्या उघड्या असताना उन्हाला सामोरा राहणारा तुकडा. पारदर्शक पडद्यावर पेशींचे ५ ते ७ थर असतात, लिंबसवर त्याहून जास्त. या पट्टीच्या तळाच्या थरात मूळपेशी असतात. त्या आयुष्यभर विभागत राहतात आणि बुबुळाला नवा पृष्ठथर पुरवतात. जिथे विभाजन जास्त, तिथे उन्हातल्या अतिनील किरणांनी केलेली मोडतोड पुढच्या पेशींत उतरायची शक्यताही जास्त. पी-५३ नावाच्या जनुकात अतिनील-बी किरणांची ठराविक खूण सापडते, शेजारशेजारच्या दोन सी अक्षरांच्या जागी दोन टी. सोलापुरात लोक उष्णतेला दोष देतात, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की ‘उष्णता डोळ्यात उतरली’ म्हणतात. दोष उष्णतेचा नाही, उजेडातल्या त्या अदृश्य भागाचा आहे, आणि तो जानेवारीतल्या गार दुपारीही ज्वारीच्या रानात भरपूर असतो.

आता स्लाइडकडे येऊ. तुमच्या वडिलांच्या तुकड्यासारखी स्लाइड मी लावतो तेव्हा आधी सगळ्यात कमी मोठं करणारी लेन्स लावतो आणि निरोगी भागाकडून सुरुवात करतो. तिथे पेशी नीट रांगेत असतात. तळाला गडद, उभ्या, दाटीवाटीच्या, वर जाताना चपट्या आणि फिकट होत गेलेल्या. मधूनमधून म्युकस भरलेल्या फुगीर गॉब्लेट पेशी. मग स्लाइड सरकवत जावं आणि एका जागी चित्र एकदम बदलतं. हळूहळू नाही, एकदम. पृष्ठथर दुपटीतिपटीने जाड होतो, रंग गडद निळा होतो, गॉब्लेट पेशी गायब होतात. चांगल्या आणि वाईट पेशींच्या मधली रेघ बोट ठेवून दाखवावी इतकी स्पष्ट असते, बरेचदा तिरकी. ही धारदार सीमा या आजाराची मोठी ओळख आहे. हल्ली डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी (प्रकाशाच्या मदतीने थरांचा फोटो) काढतात, त्यातही नेमकं हेच शोधतात: जाड, चकचकीत पृष्ठथर आणि त्याची अचानक सुरू होणारी कड.

मग मोठी लेन्स. पेशीचं केंद्रक फुगलेलं, उरलेला भाग आक्रसलेला. केंद्रकांचे आकार एकाशी एक जुळत नाहीत. विभाजन खरं तर तळाच्या थरातच व्हायला हवं, ते मधल्या आणि वरच्या थरांत दिसायला लागतं आणि कधीकधी त्याचा आकारही वेडावाकडा असतो. काही पेशी आपापल्या जागीच अकाली केराटिन (केस-नखांतलं कठीण प्रथिन) बनवून गुलाबी गोळा होऊन बसतात, त्याला डिस्केराटोसिस म्हणतात. ज्या गाठी बाहेरून ‘डोळ्यात फूल पडलंय’ अशा पांढऱ्या दिसतात त्यांच्या पृष्ठभागावर केराटिनचा थर साचलेला असतो. निरोगी डोळ्यावर असा थर कुठेच नसतो. जेलीसारख्या पारभासक गाठीत केराटिन कमी आणि पेशींची जाडी जास्त. तुऱ्यासारख्या गाठीत प्रत्येक तुऱ्याच्या मधोमध रक्तवाहिनीचा दांडा. पण बाहेरून गाठ कशी दिसते यावरून आत ती कुठवर गेली हे सांगता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. सपाट दिसणारी खोल गेलेली सापडते आणि मोठा तुरा पूर्ण वरवरचा निघतो.

प्रत ठरवायची पद्धत सोपी आहे, जरा जास्तच सोपी. बिघडलेल्या पेशी पृष्ठथराच्या खालच्या एक तृतीयांशात असल्या तर सौम्य, दोन तृतीयांशापर्यंत असल्या तर मध्यम, त्याच्या वर गेल्या तर तीव्र, आणि तळापासून माथ्यापर्यंत सगळाच थर बिघडला तर कार्सिनोमा इन सिटू. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात एकाच तुकड्यात चार प्रकारचे भाग असतात आणि तीव्र डिस्प्लेझिया व कार्सिनोमा इन सिटू यांच्या मधली रेघ दोन पॅथॉलॉजिस्ट दोन ठिकाणी ओढतात. मी तर या दोघांना उच्च प्रतीचा बिघाड म्हणून एकाच खणात टाकतो. तुमच्या रिपोर्टात ‘सिव्हिअर डिस्प्लेझिया ते कार्सिनोमा इन सिटू’ असं जे जोडून लिहिलंय, त्यात लिहिणाऱ्याचा गोंधळ नाही, प्रामाणिकपणा आहे. दोन्हींचा उपचार एकच.

हा कॅन्सर आहे का, याचं उत्तर इथून सुरू होतं. पृष्ठथराच्या खाली बेसमेंट मेंब्रेन नावाचा अगदी पातळ पडदा असतो. शेतकऱ्याच्या घरात सांगायचं तर तो बांध आहे. तण कितीही माजलं तरी बांधाच्या आत आहे तोवर ते आपल्याच रानातलं काम. पृष्ठथरात रक्तवाहिन्या नाहीत, लसीकावाहिन्या नाहीत, त्यामुळे पेशींना पसरायला वाट नाही. पडदा फुटला आणि पेशी खालच्या मऊ ऊतीत शिरल्या की मगच त्याला खऱ्या अर्थाने स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणायचं. म्हणजे तुमच्या रिपोर्टातल्या पहिल्या ओळीनुसार हा कॅन्सरच्या आधीचा टप्पा आहे, आणि ‘इन्व्हेजन नाकारता येत नाही’ या एका ओळीने तो प्रश्न उघडा ठेवलाय.

ती ओळ चिडचिड करणारी आहे, मान्य. पण ती का लिहावी लागते ते सांगतो. लिंबसवरचा पृष्ठथर खालून सरळ नसतो, त्याला खाली उतरलेल्या घड्या असतात. तुकडा तिरका कापला गेला तर त्या घडीचं टोक वेगळं पडून खालच्या ऊतीत पेशींचं बेटासारखं झुबकं दिसतं. हुबेहूब इन्व्हेजन. खरं इन्व्हेजन असेल तर झुबक्याच्या कडा खडबडीत असतात, एकटीदुकटी पेशी सुटून पुढे गेलेली दिसते, खोलवर गेलेल्या पेशी उलट जास्त गुलाबी आणि केराटिनयुक्त होतात, भोवतालची ऊती घट्ट तंतुमय होते आणि दाहाच्या पेशींची गर्दी जमते. तिरक्या छेदातल्या बेटाला गुळगुळीत गोल कड असते आणि भोवती काही हालचाल नसते. त्यात आणखी एक भानगड आहे. जुन्या जखमेवर किंवा सततच्या दाहावर पृष्ठथर स्वतःहूनच खाली बोटं घालत वाढतो, त्याला स्यूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेझिया म्हणतात. तीही कार्सिनोमासारखी दिसते, पण पेशींची केंद्रकं शांत असतात.

यावर उपाय महाग नाही. मेणाच्या ज्या ठोकळ्यात तुकडा बसवलेला असतो, तो ब्लॉक लॅबकडे जपून ठेवलेला असतो. त्याच ब्लॉकमधून आणखी खोलवरचे पातळ छेद घ्यायला सांगा, आम्ही त्याला डीपर लेव्हल म्हणतो. छेद तीन-चार मायक्रॉन जाडीचा असतो, त्यामुळे ब्लॉकमध्ये बरंच काही शिल्लक असतं. बेसमेंट मेंब्रेनसाठी पीएएस हा साधा रंग लावता येतो, तो बहुतेक लॅबमध्ये असतो. पडदा सलग दिसला तर दिलासा. मात्र दाह जास्त असेल तर पडदा तुटक दिसतो आणि केवळ तेवढ्यावर इन्व्हेजन ठरवू नये. बहुतेक वेळा पाच-सहा लेव्हलमध्ये ते बेट पुन्हा वरच्या थराला जाऊन मिळतं आणि प्रश्न मिटतो. मिटला नाही तर नेत्रपॅथॉलॉजीत मुरलेल्या माणसाला दाखवा. सोलापूरहून हैदराबाद काही लांब नाही, तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थानात हे काम रोजचं आहे. पुण्या-मुंबईतही दुसरं मत मिळतं.

आता कडा. या विषयावर मी बोलत सुटतो, पण इलाज नाही.

कंजंक्टायव्हा, म्हणजे पांढऱ्या भागावरचं पारदर्शक आवरण, इतकं पातळ असतं की चिमट्यातून सोडून सरळ फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकलं की बघता बघता गुंडाळी होते. लॅबमध्ये आमच्या हातात येतो एक गुरगुटलेला करडा गोळा. त्यातली कोणती बाजू नाकाकडची, कोणती बुबुळाकडची, वरचं काय, खालचं काय, काही कळत नाही. तो जसा आहे तसा कापला तर छेद कुठेही तिरका जातो. मग कडा बाधित आहे का मोकळी, हे लिहिणं म्हणजे अंदाज. तिरका छेद आणि खोटं इन्व्हेजन यांचा उगमही इथेच आहे.

करायचं असतं एवढंच. तुकडा काढल्यावर पृष्ठभाग वर ठेवून तो फिल्टर पेपरच्या किंवा टाक्यांच्या पाकिटातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सपाट पसरायचा, दोन-तीन मिनिटं चिकटू द्यायचा, पेपरवर पेन्सिलीने ‘नाक’, ‘बुबुळ’, ‘वर’, ‘खाली’ लिहायचं आणि मग कागदासकट १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये सोडायचं. पेन्सिलच, कारण पेनची शाई विरघळते. एका कडेला टाका घालून तो घड्याळातल्या किती वाजताच्या जागी आहे हे फॉर्मवर लिहिलं तर सोन्याहून पिवळं. मग आम्ही वेगवेगळ्या कडांना वेगवेगळी शाई लावतो, दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या करतो आणि मेणात प्रत्येक पट्टी उभी बसवतो. अशा तुकड्यावर मी ‘नाकाकडची कडा बाधित, बाकी तिन्ही मोकळ्या’ असं ठामपणे लिहू शकतो. एका कागदाच्या कपट्यामुळे सर्जनला पुन्हा कुठे हात घालायचा ते कळतं. तरीही सलाइनमध्ये, कधी ओल्या गॉजमध्ये गुंडाळून आलेले तुकडे अजून बघावे लागतात, त्याला काय म्हणावं!

म्हणून तुमच्या रिपोर्टातल्या ‘बाजूची एक कडा बाधित’ या वाक्यावर तीन गोष्टी विचारा. कोणती कडा, म्हणजे बुबुळाकडची का पापणीच्या बाजूची? तुकडा सपाट करून पाठवला होता का? आणि कापल्यावर उरलेल्या कडांना क्रायो (गोठवण्याचा उपचार) दिलं होतं का? सर्जन साधारण ४ मिलिमीटर निरोगी भाग सोबत घेऊन, गाठीला हत्यार न लावता ती काढतात आणि मग कंजंक्टायव्हाच्या उरलेल्या कडेवर दोनदा गोठवणं-वितळवणं करतात. ते केलं असेल तर कागदावर बाधित दिसणाऱ्या कडेच्या पलीकडचा भाग आधीच उपचारातून गेलेला आहे. आमच्या स्लाइडवर ते दिसत नाही. बुबुळाकडच्या भागाचा पृष्ठथर अल्कोहोलने सैल करून खरवडतात, तो तर वेगळ्याच बाटलीत येतो, नाहीतर येतच नाही.

कडेला इतकं महत्त्व का, तर पुन्हा उगवण्याचा प्रश्न आहे म्हणून. एरी आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या अभ्यासात कडा मोकळ्या असलेल्यांत ५ टक्के, बाधित असलेल्यांत ५३ टक्के डोळ्यांत आजार परतला. पुढे १९९७ मध्ये टॅबिन यांच्या गटाने दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा मोकळ्या कडा असूनही ३३ टक्के आणि बाधित असताना ५६ टक्के असे आकडे आले. क्रायो आणि थेंब सर्रास वापरात आल्यापासून चित्र यापेक्षा चांगलं आहे. पण मोकळी कडा म्हणजे कायमची सुटका नाही, हा त्या दुसऱ्या आकड्याचा अर्थ आजही लागू आहे.

‘खालची कडा मोकळी’ हे वाक्य मात्र तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं. लिंबसच्या बाहेर मऊ ऊतीचा थर पातळ आहे आणि त्याखाली लगेच स्क्लेरा, म्हणजे डोळ्याची चिवट भिंत. बुबुळाकडे बोमन्स लेयर आडवी येते. या दोन भिंती पेशींना बरंच थोपवतात, त्यामुळे इथला बहुसंख्य आजार आडवा पसरतो, खोल जात नाही. आत शिरलाच तर लिंबसजवळच्या, भिंतीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या वाटेने.

काही प्रकार मात्र या भिंतींना जुमानत नाहीत आणि रिपोर्टात त्यांची नावं आहेत का ते बघायला हवं. म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा, राव आणि फाँट यांनी १९७६ मध्ये कंजंक्टायव्हात वर्णन केलेला. यात चपट्या पेशींच्या सोबत म्युकस बनवणाऱ्या पेशी असतात, म्युसिकारमाइन किंवा अल्शियन ब्लूने त्या रंगतात, आणि तो डोळ्यात व खोबणीत शिरण्यात पटाईत. पण इथे पाय घसरतो बरं का. कंजंक्टायव्हात मुळातच गॉब्लेट पेशी असतात आणि त्या गाठीच्या वरच्या थरात अडकून राहतात. म्युकस दिसलं की लगेच हे नाव द्यायचं नाही. खोल गेलेल्या झुबक्यांत ते सापडलं पाहिजे. दुसरा स्पिंडल सेल प्रकार, ज्यात पेशी लांबट होऊन सार्कोमासारख्या (मऊ ऊतींचा कॅन्सर) किंवा रंगहीन मेलानोमासारख्या (रंगपेशींचा कॅन्सर) दिसतात. तिथे सायटोकेराटिन, पी-६३ हे मार्कर (पेशी कोणत्या जातीची ते ओळखणाऱ्या खास चाचण्या) लावल्याशिवाय मत देऊ नये, आणि एखादा मार्कर नकारार्थी आला म्हणून सोडूनही देऊ नये. तिसरा अकँथोलिटिक, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि मधे पोकळ्या पडून ग्रंथींचा भास होतो. तिन्ही विरळ आहेत. गाठ पटकन वाढली, तळाला घट्ट चिकटली किंवा काढूनही काही महिन्यांत परत आली, तर मी जुने ब्लॉक मागवून याच तिघांना शोधतो.

सोंगं घेणाऱ्यांची यादी बरीच मोठी आहे, त्यातली आपल्याकडे खरोखर फसवणारी तीनच सांगतो.

पहिलं सोंग रंगाचं. आपल्या लोकांच्या लिंबसवर तपकिरी रंग असतोच. स्क्वॅमस गाठ वाढताना तिथल्या मेलॅनोसाइट पेशी तिच्यात फांद्या पसरून बसतात आणि गाठ काळी-तपकिरी दिसते. बाहेरून बघणारा मेलानोमा म्हणतो आणि घरच्यांचा धीर सुटतो. स्लाइडवर दिसतं की वाईट पेशी स्क्वॅमसच आहेत आणि रंगाच्या पेशी निरुपद्रवी पाहुण्या आहेत. शंका असेल तर मेलान-ए, एचएमबी-४५ किंवा सॉक्स-१० लावून खात्री करता येते.

दुसरं सोंग सिबेशियस कार्सिनोमाचं. पापणीतल्या तेलग्रंथीचा हा कॅन्सर आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो आणि तो कंजंक्टायव्हाच्या पृष्ठथरात एकेक पेशी घुसवत चोरपावलांनी पसरतो. कार्सिनोमा इन सिटूसारखंच चित्र उभं राहतं. फेसाळ दिसणारा पेशीचा भाग आणि अ‍ॅडिपोफिलिन मार्कर यांवरून वेगळा ओळखतात. आजार लिंबसवर नसून पापणीच्या आतल्या बाजूला असेल, तर हा विचार आधी करायचा.

तिसरं म्हणजे आधीच्या थेंबांचा परिणाम. मायटोमायसिन (कॅन्सरविरोधी औषध) घातलेल्या डोळ्यातल्या निरोगी पेशीसुद्धा फुगतात, केंद्रक मोठं आणि गडद होतं, आत पोकळ्या दिसतात. फरक एवढाच की केंद्रकाबरोबर पेशीही तेवढीच मोठी झालेली असते. फॉर्मवर ‘आधी मायटोमायसिन दिलंय’ एवढं लिहिलेलं नसेल तर पॅथॉलॉजिस्ट बिचारा आजार परतला असं लिहून मोकळा होतो.

साधा पॅपिलोमा वेगळा. तो एचपीव्ही ६ आणि ११ या विषाणूंमुळे होतो आणि लहान वयातही दिसतो. खऱ्या स्क्वॅमस बिघाडात एचपीव्ही १६ आणि १८ चा हात किती, यावर अभ्यासांत एकवाक्यता नाही. सापडण्याचं प्रमाण देशागणिक बदलतं. म्हणून गर्भाशयमुखाच्या रिपोर्टात पी-१६ या मार्करला जो अर्थ आहे तो डोळ्यात तसाच लावू नये.

आणि टेरिजियम, म्हणजे आपलं ‘डोळ्यात वाढलेलं मांस’. उन्हाचा तोच इतिहास, तीच जागा, तशीच त्रिकोणी वाढ. खालच्या ऊतीत उन्हाने कुजलेले निळसर तंतू दोन्हींत दिसतात. ऑस्ट्रेलियात हर्स्ट यांनी काढलेली ५३३ टेरिजियम तपासली तेव्हा ५२ मध्ये, म्हणजे ९.८ टक्क्यांत, स्क्वॅमस बिघाड सापडला. फ्लोरिडातल्या एका अभ्यासात हेच प्रमाण १.७ टक्के होतं. सोलापूरचं ऊन काही फ्लोरिडापेक्षा मवाळ नाही. इथे मात्र मांस काढलं की तुकडा बादलीत, हा रिवाज अजून आहे, आणि कारण दिलं जातं तपासणीच्या खर्चाचं. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत नाहीतर उसाच्या फडात जन्म गेलेल्या माणसाच्या डोळ्यातून काढलेलं मांस न तपासता टाकणं मला अजिबात पटत नाही. तुमच्या वडिलांचा तुकडा पाठवला गेला, ही तुमच्या डॉक्टरांची कृपाच समजा.

कारणांबद्दल दोन गोष्टी विचारायला लोक कचरतात, म्हणून मीच सांगतो. एचआयव्हीमध्ये हा आजार कमी वयात आणि जास्त आक्रमकपणे दिसतो. आफ्रिकेतल्या अनुभवाने ते पक्कं झालं. पन्नाशीच्या आतल्या रुग्णाला तर ही चाचणी झालीच पाहिजे. मी वय न बघता सगळ्यांना सुचवतो, तुमच्या वडिलांनाही, आणि त्यात चारित्र्याचा प्रश्न आणू नका. दुसरं झिरोडर्मा पिगमेंटोसम. उन्हाने झालेली डीएनएची मोडतोड दुरुस्त करता न येणारा आनुवंशिक आजार. मामाच्या मुलीशी किंवा मामा-भाचीचं लग्न करायची रीत आपल्या भागात आहे, त्या घरांत हा दिसतो. लहान मुलाच्या तोंडावर दाट काळे ठिपके, उजेडाचा त्रास आणि डोळ्यात गाठ असं असेल तर त्या मुलाचे दोन्ही डोळे आणि कातडी जन्मभर तपासत राहावी लागते.

आता दोन डॉक्टरांच्या दोन मतांचं काय करायचं? मला ती परस्परविरोधी वाटत नाहीत. प्रत्येकाने रिपोर्टातल्या वेगळ्या ओळीवर उत्तर दिलंय. इन्व्हेजन नाही असं धरलं तर थेंब बरोबर आहेत. बाजूच्या कडेत उरलेला वरवरचा आजार १ टक्का फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, ०.०२ ते ०.०४ टक्के मायटोमायसिन किंवा इंटरफेरॉन अल्फा-२बी यांच्या थेंबांना चांगली दाद देतो, आणि थेंब सगळ्या पृष्ठभागावर पोचतात, कापताना निसटलेल्या जागीसुद्धा. इन्व्हेजन आहे असं धरलं तर पुन्हा कापणं बरोबर आहे, कारण थेंब खोलवर भरवशाने पोचत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ब्लॉकच्या डीपर लेव्हल, मग निर्णय. त्यासाठी आठवडाभर थांबलात तर बिघडत नाही, वर्षभर थांबलात तर बिघडेल.

इन्व्हेजन ठरलंच, तर रिपोर्टात किंवा केसपेपरवर टी-अवस्था, म्हणजे गाठ किती मोठी आणि कुठवर गेली ते, लिहिली जाईल. २०१८ मध्ये लागू झालेल्या आठव्या एजेसीसी (कॅन्सरच्या अवस्था ठरवणारी अमेरिकी समिती) आवृत्तीत ५ मिलिमीटरपर्यंतची गाठ टी-१, त्याहून मोठी टी-२, शेजारच्या भागात गेलेली टी-३ आणि डोळ्याच्या खोबणीत गेलेली टी-४. यातला टी-३ ऐकून हबकू नका. शेजारच्या भागांत बुबुळाचा पारदर्शक पडदाही धरलाय, आणि लिंबसवरची गाठ त्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतेच. वरवर सरकलेली ती गाठ आणि डोळ्याच्या आत शिरलेली गाठ एकाच खणात बसवणं मला तरी नीट वाटत नाही. या अवस्थेत नेत्रतज्ज्ञ कानाच्या पुढची आणि जबड्याखालची लसीकाग्रंथी चाचपून बघतील. ती त्यांनी बघितली नाही तर तुम्ही आठवण करा. दूर पसरणं या आजारात विरळ आहे.

लॅबमध्ये जाल तेव्हा नुसत्या स्लाइड मागू नका, ब्लॉकही मागा, सही करून मिळतात. दोन्ही उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ब्लॉक मेणाचा आहे. सोबत ऑपरेशनची नोंद, गाठीचे आधीचे फोटो, क्रायो दिलं का, कोणते थेंब किती दिवस घातले, एवढं एका कागदावर लिहून घ्या. उपचार झाल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढेही वर्षातून एकदा-दोनदा तपासणी चुकवायची नाही. त्या वेळी दुसरा डोळाही बघायला सांगा. रानात जाताना रुंद काठाची टोपी आणि बाजूने झाकणारा अतिनीलरोधक गॉगल लागेल. फेटा-टोपी डोक्यावर असतेच, पण कपाळापुढे सावली पडेल इतका तिचा काठ नसतो.

नव्या लेव्हलचा रिपोर्ट आला की त्यात बेसमेंट मेंब्रेनबद्दल आणि प्रत्येक कडेबद्दल स्वतंत्र वाक्य आहे का ते आधी बघा. नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा, आम्हाला राग येत नाही.